दोन मॅगझिन

"ओ मामा, दोन मॅगझिन माझ्याकडं द्या की." एवढंच म्हणला तो पोरगा. सकाळपासून तेच डोक्यात फिरतंय.

उद्या पहाटे निघायचंय, म्हणून सोलापुरात सोरेगावच्या एसआरपीच्या (राज्य राखीव पोलीस) ग्राउंडवर आज फुल लोड घालून चालवलं आम्हाला. बुलेटप्रूफ जॅकेट, एके रायफल, मॅगझिनचा पाऊच, पाठीवरचा पिट्ठू, सगळं. चौथ्या चकरेला गुडघा कुरकुरला, मी फक्त पाऊच जरा वर ओढून घेतला, तर हा मागनं बघतच होता वाटतं. मी म्हणलं तू तुझं बघ बे. तो गप झाला. बाकीचेपण गप झाले, ते जास्त लागलं.

३० राऊंडची, म्हणजे ३० गोळ्यांची भरलेली मॅगझिन ८०० ग्रॅमच्या वर जाते. बंदुकीला एक आणि पाऊचमध्ये पाच, म्हणजे १८० राऊंड, पाचेक किलो तिथंच गेले. वर ज्याला झेपतील त्यानं घ्या म्हणाले, तर मी दोन जास्त मागितल्या. कुणी सांगितलं होतं? पहिल्यांदा गडचिरोलीला गेलो तेव्हा जुनी एसएलआर रायफल होती, २० ची मॅगझिन, आणि एका दुपारी... जाऊ दे. तेव्हापासून कमी घ्यायला हात धजत नाही.

पण पाणी लिटरला किलो, त्यात सूट नाही. त्या दोन सोडल्या तर दीड लिटर पाणी जास्त बसतं. आणि खरं सांगायचं तर राऊंड संपलेले मी एकदाच बघितलेत, पाणी संपलेलं दर वेळी.

म्हातारा झालो का मी? चांगल्या मनानं म्हणला असेल तो. तरी सगळ्यांसमोर कशाला म्हणायचं.

घरी येऊन बघतो तर हिनं पिट्ठूत चादर कोंबलेली. पोरीचा बॅग मोजायचा काटा लावला, १ किलो ३०० ग्रॅम! म्हणलं अगं दीड मॅगझिन झाली की ही. तर म्हणते, मग मॅगझिन पांघरून झोपा. पुढं काही बोलली नाही, कडक भाकऱ्या बांधत बसली. भाकरीचं बरंय, दहा घातल्या तरी पाठीला कळत नाही, शेंगाचटणीचा डबाच काय तो जड.

आत्ता साडेदहाला त्याचाच फोन. वाटलं सॉरी म्हणतोय. कुठलं काय, "मामा, पाण्याची एक बाटली बास होईल ना?" ह्यानं स्वतःच आठ मॅगझिन घेतल्यात, वर माझ्या दोन मागत होता, आणि पाणी एक लिटर! एकटाच हसलो खुर्चीत.

बास होईल म्हणलं.

पहाटे गाडीत बसताना दोन मॅगझिन देतो त्याला. दीड लिटर पाणी जास्त भरून ठेवलंय, अकरा वाजेपर्यंत मागायला येतंय बघा. चादर काढून कपाटात ठेवली होती, हिनं परत कोंबलीय.