गोषवाऱ्यात नसलेला रकाना

एप्रिलमध्ये संकलित चाचणी 2 चे पेपर तपासून झाले, गुण शिक्षण विभागाच्या चॅटबॉटवर भरून झाले, की आणखी एक कागद समोर येतो. समाजघटकनिहाय निकालाचा गोषवारा. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती (वि.जा.), भटक्या जमाती (भ.ज.), इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, खुला. प्रत्येकात मुलं-मुली वेगळी, खाली अल्पसंख्याक आणि दिव्यांग. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पाचवी ते आठवी. मी गणित शिकवते आणि यू-डायसपासून (शाळेची सरकारी माहिती-नोंद) गोषवाऱ्यापर्यंतची कागदपत्रंही माझ्याकडेच असतात.

त्या वर्षीही कागद भरल्यावर वि.जा. आणि भ.ज.चे रकाने सगळ्यात खाली आले. दोनच दिवसांनी आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची, शिक्षण परिषद होती. तिथं निकालावर चर्चा सुरू झाली आणि एका सहकाऱ्यांनी कारण सांगून टाकलं : "तांड्यावरची लेकरं हायेत, घरी बोली वेगळी, अभ्यासाचं वातावरण न्हाई. आपण किती करणार?" बऱ्याच माना हलल्या. मला ते ऐकवेना. कारण माझ्या पिशवीत हजेरीपत्रक होतं आणि सातवीच्या गणिताच्या दोन उत्तरपत्रिका होत्या.

दोघी एकाच तांड्यावरच्या, चुलत बहिणी. आडनाव एक, जनरल रजिस्टरला जातीची नोंद एक, घरात बोलतात ती बंजाऱ्यांची गोरबोली एकच. थोरलीचा पेपर पाहिला तर पूर्णांकांचे गुणाकार-भागाकार बरोबर, मसावि-लसावि बरोबर, परिमेय संख्यांच्या बेरजेत छेद समान करून घेण्याची पायरीसुद्धा नीट मांडलेली. पुढे सरळव्याज कोरं. वर्तुळ कोरं. पायथागोरसच्या प्रश्नात काटकोन त्रिकोण काढलाय, बाजूंना नावं दिलीत आणि तिथंच थांबलीय. जे तिला येतं ते सगळं पहिल्या सत्रातलं, जे येत नाही ते दुसऱ्या सत्रातलं. दिवाळीला जणू कुणी रेघ मारली होती. हजेरीपत्रकात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तिच्या नावापुढं गैरहजेरीच. आईबाप ऊसतोडीला; त्यांचा कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) टायरगाडीच्या सेंटरवर, सांगलीकडं. ही तिकडं कोपीत, म्हणजे फडाजवळच्या खोपटात, धाकट्या भावाला सांभाळायची.

धाकट्या चुलत बहिणीचे आईबापही त्याच टोळीत गेले होते. पण ती गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत होती. म्हणजे राहायची आजीजवळ आणि दोन वेळचं जेवण योजनेतून. तिचा पेपर सरळव्याजापर्यंत नव्हे, शेवटच्या प्रश्नापर्यंत भरलेला होता. चुका होत्या, पण त्या शिकलेल्या पोरीच्या चुका होत्या.

मी उठले आणि दोन्ही पेपर केंद्रप्रमुखांच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, "साहेब, या दोघी आपल्या गोषवाऱ्यात एकाच रकान्यात आहेत. मग एकीला सरळव्याज येतं आणि एकीला येत नाही, ते कशामुळं?" नंतर मी घरून करून आणलेली यादी वाचली. तीच मुलं, पण जातीऐवजी दिवाळीनंतर गावात राहिलेली आणि ऊसतोडीला गेलेली अशी मांडलेली. गेलेल्यांत वंजारी होते, बंजारा होते, कोरडवाहू दोन एकरवाले मराठा होते, बौद्ध होते. सगळ्यांचे पेपर त्याच ठिकाणी कोरे पडत होते. आणि गावात राहिलेली तांड्यावरची पोरं खुल्या प्रवर्गातल्या मुलांच्या बरोबरीनं उभी होती.

जातीचा रकाना नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. कोण कुठं मागं पडतंय हे त्यामुळंच कळतं, शिष्यवृत्त्या त्यावर मिळतात. आणि कोयता हातात घ्यायची वेळ कोणत्या घरांवर जास्त येते, त्यातही जात आहेच. पण नुसता तो रकाना पाहिला की आपण मुलांच्या घराला दोष देऊन मोकळे होतो, आणि शाळेबाहेर गेलेले पाच महिने कुणाच्याच हिशोबात येत नाहीत.

त्यातून परीक्षांचं वेळापत्रक बघा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं 12 नोव्हेंबर 2021 ला, त्याच्याच जागी आलेलं परख सर्वेक्षण 4 डिसेंबर 2024 ला. आठवीची एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा डिसेंबरात, पाचवी-आठवीची राज्याची शिष्यवृत्ती परीक्षाही फेब्रुवारीत व्हायची. ऐन गाळप हंगामात सगळं. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ज्या घराला त्या पैशाची सगळ्यात जास्त गरज, त्या घरातलं लेकरू त्या दिवशी फडात वाढे (उसाचे शेंडे) गोळा करत असतं. नापास होणं दूरच, त्याला परीक्षेला बसायलाच मिळत नाही.

परिषदेत शांतता वगैरे पसरली नाही, चांगला वाद झाला. एक जण म्हणाले, शिक्षण हमी पत्रक देतो की आपण, तिकडच्या शाळेत बसायला काय हरकत आहे? देतो, खरं आहे. पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते, कोपी शाळेपासून कोसभर लांब असते आणि बारकं पोर कडेवर घेऊन सातवीच्या वर्गात कोण बसणार? एका बाईंनी मात्र आपल्या शाळेची यादी त्याच दुपारी माझ्यासारखी मांडून पाहिली. साहेबांनी स्थलांतराचा रकाना जोडून गोषवारा वर पाठवायला सांगितलं, आणि हंगामी वसतिगृहाचे प्रस्ताव टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या आतच तयार ठेवायचं ठरलं. जेवण उशिरा सुरू झालं की आईबाप लेकरांना गाडीत घालून नेतात, हा आमचा सगळ्यांचाच अनुभव आहे.

परतताना तांड्यावर थोरलीच्या वडिलांना भेटले. म्हटलं, "दादा, औंदा हिला आजीपाशी ठेवा. आठवीला येतीय, हुशार आहे."

"म्याडम, मला काय कळत न्हाई व्हय? पन आमी दोघं फडात. बारक्याला कोन बघंल?"

धाकटा अडीच वर्षांचा. हंगामी वसतिगृह शाळेच्या मुलांसाठी, त्यात त्याचं नाव बसत नाही. मी अंगणवाडीताईंकडं गेले. दिवसभर तो अंगणवाडीत, नंतर आजीकडं, असं जमतंय का ते विचारलं. त्या म्हणाल्या, आजी हो म्हणाली तर आणा. आजीचा गुडघा दुखतो, ती दोघांना सांभाळायला अजून तयार नाही. मुकादमाची उचल (हंगामाचे आगाऊ पैसे) घ्यायच्या आधी वडील मला निरोप देणार आहेत. आठवीच्या यादीत मी तिचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, आणि सरळव्याज शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच घेणार आहे.