तंबूभोवतीचा चर

शुक्रवार, रात्र

बॅग भरून झाली. एका कप्प्यात चिकूचे कपडे, दुसऱ्यात माझी फाईल. सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद, सगळं एकात एक घातलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ओआरएसची पाकिटं. जादा चप्पल.

बाविसावा आठवडा सुरू आहे. विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी नीट आली, हिमोग्लोबिन १०.४ आहे. डॉक्टरांनी सहलीला हो म्हटलं, पण अटी घालून. कुठल्याही राइडमध्ये बसायचं नाही. पाणी उकळलेलंच प्यायचं. गाडी तासाभराने थांबवून पाच मिनिटं चालायचं. पोटात दुखलं, अंगावरून पाणी गेल्यासारखं वाटलं किंवा डाग दिसला तर सहल तिथेच सोडून दवाखाना गाठायचा.

आईंचा होकार मात्र मिळत नव्हता. सासूबाईंना मी आईच म्हणते. "पावसात? तंबूत? असल्या दिवसांत?" हे तीन प्रश्न मी चार दिवस ऐकले. पंख्याखाली बसू नको, उशिरा केस धुऊ नको, जिना सावकाश उतर, या सगळ्याला मी हो म्हणते. याला म्हणवेना. चिकूला इमॅजिकाला, खोपोलीजवळच्या त्या राइडवाल्या पार्कात, न्यायचं उन्हाळ्यात कबूल केलं होतं आणि एप्रिल-मे माझे उलट्यांमध्ये आडवं पडून गेले. तो साडेपाच वर्षांचा आहे. दिवाळीनंतर घरात दुसरं बाळ येईल आणि त्याचं एकुलतेपण संपेल. त्याआधी दोन दिवस त्याला माझे पूर्ण द्यायचे आहेत, एवढंच माझ्या मनात होतं.

संध्याकाळी बघते तर आईंनी स्वतःची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. "मीपण येते," म्हणाल्या. "तिकडचा पाऊस मला माहीत आहे, तुम्हाला नाही."

त्यांचं माहेर सुधागड तालुक्यातलं, पालीच्या अलीकडचं.

शनिवार, रात्री उशिरा

डोंबिवलीहून निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती. पट्ट्याचा खालचा भाग पोटाच्या खाली मांड्यांवर, वरचा छातीच्या मधून, पाठीला उशी. कर्जतनंतरच्या खड्ड्यांत नवऱ्याने गाडी इतकी हळू चालवली की मागचा टेम्पो सारखा हॉर्न देत होता. खोपोलीत डोंगरावरून उतरणारे मोठे पाइप बघून चिकूने विचारलं, ही घसरगुंडी आहे का? लोणावळ्याच्या वरच्या तलावांचं पाणी त्यातून खाली येतं आणि त्याच्यावर १९१५ पासून वीज होते, हे त्याच्या बाबाने समजावलं. वीज होऊन गेलेलं पाणी पुढे पाताळगंगेला मिळतं. आई खिडकीबाहेर बघत होत्या. खोपोली-पाली रस्त्याला लागल्यावर त्यांचा चेहराच बदलला. दोन्ही बाजूंना भाताची लावणी चालू होती. बायका गुडघाभर चिखलात ओणव्या, कुणाच्या पाठीवर इरलं, बहुतेकींच्या अंगावर निळं-पिवळं प्लॅस्टिक. "राब चांगला उगवलाय यांचा," भाताच्या रोपांकडे बघत आई स्वतःशीच म्हणाल्या.

तंबूची जागा एका शेतकऱ्याच्या माळावर, नदीपासून बरीच वर. नणंद, तिची चौदा वर्षांची लेक आणि आम्ही चौघं मिळून तीन तंबू. चारच्या सुमारास आभाळ फाटलं. तंबू ज्यांनी उभे केले त्यांनी ते उताराच्या मध्यावर ठोकले होते. पंधरा मिनिटांत वरच्या बाजूने पाणी आमच्या तंबूखाली शिरायला लागलं. तळाच्या प्लॅस्टिकखालून ते वाहताना तळपायाला कळत होतं, जणू खालून कुणी हात फिरवतंय.

नवरा तंबू हलवायच्या बेतात होता. आईंनी त्याला थांबवलं. पदर कमरेला खोचला, मालकाकडून कुदळ मागून घेतली आणि पावसातच उभ्या राहून आधी नुसतं बघितलं. कुदळ टाकायच्या आधी दोन-तीन मिनिटं त्या फक्त पाणी बघत होत्या. पाणी कुठून येतं, कुठे फुटतं, कुठे साचतं. मग तंबूच्या वरच्या अंगाला, दोन हात सोडून, वीतभर खोल चर घ्यायला सुरुवात केली. सरळ नाही, चंद्रकोरीसारखा वाकवून, दोन्ही टोकं खाली उताराकडे काढून दिलेली. निघालेली माती तंबूच्या बाजूला टाकत गेल्या, म्हणजे तिचाच बांध झाला. पुढचं नवऱ्याने खणलं. चिकू हाताने माती थोपटत होता, "आजी, इथे गळतंय," असं सांगत होता. तिन्ही तंबूंना चर घेऊन झाले तेव्हा गढूळ पाणी दोन्ही बाजूंनी वळसा घालून निघून जायला लागलं. मी मालकाच्या पडवीत खुर्चीवर बसून हे सगळं बघितलं. मला कुणी उठू दिलं नाही.

रात्री पिठलं, तांदळाची भाकरी, गरम भात. चिकूला सांगून ठेवलं होतं की तंबूच्या कापडाला आतून बोट लावायचं नाही, जिथे बोट लागेल तिथून पाणी टिपकतं. त्याने एकदा लावून खात्री करून घेतली. तो थेंब माझ्या उशीवर पडत राहिला.

या दिवसांत रात्री तीन-चारदा उठावं लागतं, आणि संडास चाळीस पावलांवर, चिखलातून. पहिल्या दोन वेळा नवरा बॅटरी घेऊन आला. तिसऱ्या वेळी तो गाढ झोपला होता, मी त्याला हलवणार एवढ्यात शेजारच्या तंबूची चेन उघडली. आई जाग्याच होत्या. त्यांनी माझा दंड धरला, बोटं रुतली इतका घट्ट. परत येताना पावसाचा जोर वाढला म्हणून पडवीत टेकलो. अंधारात फक्त पत्र्यावरचा पाऊस.

मी बोलायचं म्हणून बोलले, "आई, तुम्ही ह्यांच्या वेळी लावणी केली असेल ना?" ह्यांच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या.

"केली की. सातवा होता."

मला वाटलं आता ऐकायला मिळणार, आमच्या वेळी असं होतं आणि आम्ही कशा खंबीर होतो. त्या तसं काहीच बोलल्या नाहीत. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "त्याच्या आधीचं राहिलं नाही."

घरात हे कुणी कधी बोललेलं नाही. लग्नाला माझ्या नऊ वर्षं झाली. नवऱ्याला माहीत आहे की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं.

पाचवा होता म्हणाल्या. दिवसभर ओणवं राहून लावणी. दुपारपासून कंबर दुखत होती. "सांगायचं कुणाला? सगळ्याच बायकांची कंबर दुखत होती." संध्याकाळी बांधावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. घरी आणलं. आठ दिवसांनी परत शेतावर.

"माझ्या सासूने मला लावणीला जा असं नव्हतं सांगितलं हो," हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. "वाईट नव्हती ती. कुणी जाऊ नको पण नाही म्हटलं. काही दुखतंय का, हे कुणी विचारलंच नाही."

ओणवं राहिल्यामुळेच ते झालं असं नसेल, बऱ्याचदा कारण कळतही नाही, असं काहीबाही मी बोलले. ते त्यांना पटलं की नाही माहीत नाही. मी त्यांचा हात माझ्या पोटावर नेऊन ठेवला. बाळ झोपलेलं होतं, काहीच हललं नाही. तरी त्यांनी हात काढला नाही.

पाय आखडला म्हणून जागी आहे. फोनवर हे लिहून ठेवते. त्यांना सकाळी विचारीन, लिहिलं तर चालेल का.

रविवार

(चालेल म्हणाल्या. "नाव नको घालू," एवढंच.)

सकाळी पाऊस उघडला. इमॅजिका तिथून अगदी जवळ, सांगडेवाडीला. २०१३ मध्ये ते सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी मी ऑफिसच्या ग्रुपबरोबर आले होते, लग्नाआधी. नायट्रोमध्ये लागोपाठ दोनदा बसले होते. त्या रोलर कोस्टरला पायाखाली फळीच नाही. पाय मोकळे लोंबकळतात आणि तसंच उलटं-सुलटं फिरवून आणतात. तेव्हाचा माझा आवाज तीन दिवस बसला होता.

चिकूला डायनोसॉर बघायचा होता. राजासॉरसच्या बोटीतून तो बाबाबरोबर जाऊन आला. हा डायनोसॉर आपल्याकडचा, गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव मिळालं. चिकू हे पूर्ण नाव न अडखळता म्हणतो आणि समोरच्याने परत म्हणावं अशी त्याची अपेक्षा असते. रांगेतल्या एका काकांना त्याने तीनदा म्हणायला लावलं.

अकराच्या पुढे परत सरी सुरू झाल्या. सर आली की बाहेरच्या राइड थांबायच्या, उघडली की आधी रिकामी फेरी सोडून बघायची आणि मग माणसं बसवायची. नायट्रोपाशी आम्ही सगळे उभे होतो. भाची आणि नवरा आत गेले. मी त्यांच्यामागे चार पावलं चालले, का ते सांगता येणार नाही, बसायचं नव्हतंच. तिथली मुलगी पुढे आली, हसली आणि हळूच फलकावरच्या चित्राकडे बोट दाखवलं. पोट असलेली बाई, त्यावर आडवी रेघ. "मॅडम, तुम्ही नाही." तिने आपलं काम केलं, आणि किती नीटपणे केलं. शेजारी उंचीची पट्टी होती. चिकू टाचा उंचावून उभा राहिला तरी तो रेषेच्या बराच खाली.

आम्ही दोघं बाकावर येऊन बसलो. माझ्या मांडीवर चार जणांच्या बॅगा, तीन छत्र्या, नवऱ्याचा चष्मा. चिकूने विचारलं, "तुला बाळामुळे नाही म्हणाले?"

मी हो म्हटलं. लगेच वाटलं, असं म्हणायला नको होतं.

"आणि मला?"

"तुला उंचीमुळे."

त्याने विचार केला. "म्हणजे बाळ पण नापास, मी पण नापास, तू पण नापास." मग माझ्या पोटाकडे वाकून त्याने मोठ्याने सांगितलं, "आपण तिघं पुढच्या वेळी."

मला रडू आलं. हे बाळ मला किती हवं होतं ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी त्या क्षणी मला वर जायचं होतं. हवेत पाय सोडून ओरडायचं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि मला त्यातलं एक लपवता येत नव्हतं. मी छत्री तोंडापुढे धरली.

आई नणंदेबरोबर चहा आणायला गेल्या होत्या. आल्या त्या माझ्या दुसऱ्या बाजूला बसल्या. ओल्या पदराने आधी माझं कपाळ पुसलं. मग चिकूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "वाईट वाटतंय का गं?"

चार दिवस 'नको' म्हणणाऱ्या, वर्षानुवर्षं मला हे कर, ते करू नको सांगणाऱ्या बाईने मला पहिल्यांदा असं काही विचारलं होतं. मी म्हटलं, "हो."

त्या समजवायला लागल्या नाहीत. वर बघत राहिल्या. गाडी चढावर कटकट करत चालली होती.

"तू यात बसली होतीस?"

"दोनदा. पहिल्या रांगेत."

"पाय कुठे ठेवायचे?"

"कुठेच नाही. मोकळेच."

"आगं बाई." गाडी कोसळली तसा त्यांनी माझा हात धरला, कालच्या रात्रीसारखाच. भाचीची किंकाळी आम्हाला ओळखू आली. गाडी थांबेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. मग चहाचा पेला माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "पुढच्या पावसाळ्यात परत येऊ. बाळ मी धरीन. इथेच बसते, याच बाकावर. तू जाऊन ये."

चिकू म्हणाला, मग आजी, बाळाला राजासॉरस नर्मदेन्सिस म्हणायला तू शिकव. आईंनी प्रयत्न केला. 'राजासारस' पर्यंत आल्या.

सोमवार

पोहोचलो काल रात्री नऊला. पाय सुजलेत, बाकी ठीक. सकाळी बीपी मोजून घेतलं, नेहमीसारखं आहे. डॉक्टरांना कळवलं. बाळ पहाटेपासून उड्या मारतंय. आईंना बोलावून दाखवलं, या वेळी त्यांच्या हाताला चांगलं लागलं.

गॅलरीत सगळीकडे ओल्या चादरी आणि चिखलाचे बूट. नवऱ्याशी रात्री बोलले. त्याला माहीत नव्हतं. तो बराच वेळ गप्प होता, मग उठून आईंच्या खोलीत गेला आणि अर्ध्या तासाने आला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

दुपारी आई भाजी निवडत होत्या तेव्हा मी साल विचारलं. त्यांना आठवेना. माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या आधीचं साल की त्याच्याही आधीचं, बोटं मोजून पाहिली, जमेना. म्हणाल्या, "साल नको विचारू. आषाढ होता. चिखलणी झाली होती, मोठ्या वाफ्यातल्या मुठी बांधायच्या राहिल्या होत्या." चिखलणी म्हणजे लावणीआधी शेतात चिखल करणं, मुठी म्हणजे रोपांच्या जुड्या. मुलगा की मुलगी, ते कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

कुठल्या कागदावर त्याची नोंद नसणार. म्हणून इथे लिहून ठेवते. आषाढ. पाचवा महिना. चिखलणी झाली होती.