बियांचा खेळ: काय बदलायचं, काय नाही

जळगावात खळग्यांचा पाट मांडला की कुणीतरी विचारतंच, "नियम बदलल्यावर हा जुना खेळ उरतो का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मी मांडते तो तमिळनाडूचा पल्लांगुळी. 14 खळगे, समोरासमोरच्या दोघांचे एका ओळीत सात-सात, प्रत्येकात 6 बिया. एक खळगा उचलायचा, पुढे एकेक बी पेरत जायचं. हात रिकामा झाला की पुढचा खळगा उचलायचा. तो रिकामा निघाला तर त्याच्या पुढच्या खळग्यातलं धन आपलं, आणि पाळी संपली.

लांबतो तो फेऱ्यांमुळे. हरणाऱ्याने पुढच्या फेरीत उरलेल्या बियांत भरतील तेवढेच खळगे भरायचे, आणि एकही भरेना तोवर खेळायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्यांना अख्खी दुपार असते. शाळेत माझ्या हातात एक तास. म्हणून मी एका फेरीवर थांबवते. हे पाप अमेरिकेतल्या विल्यम ज्युलियस चॅम्पियन यांनी 1940 मध्येच केलंय. त्यांचा 'कलाह' हा असाच बिया पेरायचा खेळ एका फेरीत आटोपतो, पण प्रत्येकाचे 6 खळगे आणि खळग्यात 4 बिया अशा कलाहात अचूक खेळणारा पहिला गडी जिंकतोच, हे संगणकाने 2000 मध्ये दाखवलं. त्यावर तोडगा वाटणीतला: एकाने वाटे पाडायचे, दुसऱ्याने निवडायचं. पहिली चाल झाली की दुसऱ्याला बाजू बदलायची मुभा.

पाटाचं मला सोवळं नाही. अंड्यांचा ट्रे चालतो. फक्त त्यात एका ओळीत 6 वाट्या, त्यामुळे पल्लांगुळीला दोन ट्रे कापून जोडावे लागतात. बिया मात्र चिंचोक्याच. सरकी इथे ढिगाने मिळते, पण कापूस चिकटलेली असते, बोटातून सुटत नाही.

मोबाइलवर प्रत्येक खळग्यावर आकडा दिसतो, तो मला नको. नजरेने ढीग जोखायचा नाही तर मग खेळायचं काय?

आणि लांबलचक पाळी? समोरचा पेरतच राहतो, पोर कुरकुरतं, "मन्हा डाव कव्हय येई?" तरी ती मी तोडत नाही. पेरता पेरता एखाद्या खळग्यात 4 बिया जमल्या की ती 'गाय', आणि ज्याच्या बाजूला जमली त्याची. पाळी कुणाचीही असो. आमच्याकडे पाचवी पडायच्या आत उचलली नाही तर गेली. हे एकदा कळलं की पाळीची वाट बघणारं पोरच जास्त टक लावून बसतं.