लाकडी सांगाड्याची मॉरिस आणि कोल्हापूरचा पावसाळा

रविवार, एप्रिलअखेर

काल संध्याकाळी वळीव चांगलाच बरसला, म्हणून आज सकाळी गाडीच्या मागच्या भागाची वर्षातली मोठी पाहणी करून घेतली. पाणी नेमके कोठे साचते ते पाऊस पडून गेल्यावरच कळते. शिवाय लाकडाचे जे काही काम करायचे ते मृगाच्या आधी, उन्हे कडक आहेत तोवरच झाले पाहिजे. जुलैमध्ये ओल्या लाकडावर तेल किंवा व्हार्निश चढवणे म्हणजे आतली ओल आतच कोंडून ठेवणे होय.

माझी मॉरिस मायनर ट्रॅव्हलर १९५८ सालची आहे आणि राजारामपुरीतून शिवाजी विद्यापीठाच्या बाजूने उजळाईवाडीमार्गे गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मी रोज तिनेच जाते. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली मूळ मॉरिस मायनर १९४८ मध्ये आली; मागे लाकडी सांगाडा असलेली ट्रॅव्हलर १९५३ मध्ये निघाली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली. रस्त्यावर भेटणाऱ्या बहुतेकांना ते लाकूड नक्षीसाठी लावले आहे असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. दरवाजांपर्यंतची गाडी पत्र्याची आहे, पण त्यामागचे छत, खिडक्या आणि मागची दोन दारे ॲश नावाच्या लाकडाच्या सांगाड्यावर उभी आहेत आणि बाजूचे ॲल्युमिनियमचे पत्रे त्या लाकडाच्या खाचांत बसवलेले आहेत. ब्रिटनमधल्या एमओटी या वार्षिक तपासणीत हे लाकूड कुजलेले आढळले तर गाडी नापास होते, आणि ते योग्यच आहे.

ॲशचा गुण असा की ते चिवट असते, धक्के सोसते. म्हणून तर हत्यारांचे दांडे आणि हॉकी स्टिक त्यापासून करतात. पण ओल मात्र त्याला अजिबात सोसत नाही. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले आणि तसेच टिकून राहिले की बुरशी धरते, आणि ॲश या बाबतीत सागवानाच्या जवळपासही फिरकत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, तेव्हा अशी गाडी येथे रोज वापरायची तर पाऊस लाकडाला लागणारच हे धरून चालावे लागते. लागलेले पाणी किती लवकर निघून जाते, एवढेच आपल्या हातात असते.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे मागच्या बाजूच्या सरकत्या काचांची खालची पट्टी. काच ज्या खाचेत सरकते तिच्या तळाशी नमद्याचे अस्तर असते. ते पाणी शोषून धरते आणि खाचेतून पाणी बाहेर जाण्याची बारीक भोके धुळीने बुजली की खालची आडवी लाकडी पट्टी महिनोन्‌महिने ओली राहते. आज उजव्या बाजूच्या भोकात सायकलच्या चाकाची तार घातली तेव्हा आतून काळपट चिखल आणि त्यामागोमाग कालचे पाणी बाहेर आले. मग चपला शिवणाऱ्या कारागिराकडून घेतलेली आरी काढली आणि प्रत्येक सांध्याच्या खालच्या टोकाला दाबून पाहिली. निरोगी लाकडात टोक रुतत नाही, हाताला ठणठणीत विरोध जाणवतो. कुजलेल्या लाकडात मात्र ते साबणात शिरावे तसे आवाज न करता आत जाते. मागच्या डाव्या खांबाच्या तळाशी ते आज तसे आत गेले. वरचा रंग अगदी स्वच्छ, मधासारखा होता. म्हणून डोळ्यांवर विसंबून लाकूड पास करू नये असे माझे ठाम मत आहे.

दुपारी सुतारमामा येऊन पाहून गेले. आधीच्या मालकांनी खालची एक पट्टी सागवानाची बसवून घेतली होती आणि ती अजून उत्तम आहे, म्हणून खांबही सागवानाचाच करावा असे त्यांचे म्हणणे पडले. "ताई, सागवान तुमच्या-माझ्या मागं ऱ्हाईल," असे ते म्हणाले. त्यांचे टिकाऊपणाबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. पण खांबाला छताचा भार आणि रस्त्याचे हिसके दोन्ही सोसावे लागतात आणि त्या कामाला ॲशच्या चिवटपणाची सर सागवानाला नाही. आडव्या पट्टीला सागवान चालेल, खांबाला नाही, असे शेवटी दोघांच्या विचाराने ठरले. सागवान जोडताना त्याच्या अंगचे तेल सरस धरू देत नाही, म्हणून इपॉक्सी हा सरस लावण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने ते पुसून घ्यावे लागते. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच वापरायचे, कारण साधा स्क्रू गंजला की त्याच्या भोवतीचे लाकूडही बाद होते.

लाकडाला वरून काय लावावे याबद्दल मतभेद पुष्कळ आहेत. जाड, चकचकीत व्हार्निश पहिल्या वर्षी देखणे दिसते, पण त्याला केसाएवढी चीर पडली की पाणी आत शिरते आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. मी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेले बेलतेल, म्हणजे जवसाचे तेल, लाकडाच्या कापलेल्या टोकांना पिईल तेवढे पाजते, ते पूर्ण वाळू देते आणि मगच वर श्वास घेऊ देणाऱ्या वूड स्टेनचे पातळ हात देते. बेलतेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून मी त्या अंगणात पसरून वाळवते.

इंजिनाची चौकशी सगळे करतात आणि तोच भाग सर्वांत सोपा आहे. ९४८ सीसीचे हे ए-सिरीज इंजिन आपल्या ॲम्बॅसॅडरमधल्या १४८९ सीसीच्या बी-सिरीज इंजिनाचे धाकटे भावंड आहे, त्यामुळे उद्यमनगरातल्या कोणत्याही वयस्क मिस्त्रीला ते परके वाटत नाही. डायनॅमो मात्र मी काढून टाकला. पावसात हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून कावळा नाक्यावर खोळंबले की त्याचे चार्जिंग पुरत नसे. आता अल्टरनेटर आहे आणि ती चिंता संपली. खरी काळजी घ्यावी लागते ती पुढच्या चाकांच्या खालच्या ट्रनियनची, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या आट्यांच्या सांध्याची. तेथे ग्रीस पोचले नाही तर आटे झिजतात, आणि ते पुरते झिजले की चालत्या गाडीचे चाक मोडून बाहेर पडते. साधे बुश उद्यमनगरातल्या लेथवर सुरेख होतात आणि ते मी आनंदाने येथेच करून घेते. ट्रनियन मात्र इंग्लंडहून मागवते, आणि ग्रीसगन दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि त्यातले बरेचसे आपल्याच भागातल्या उसाचे आहे. ऊस उत्पादकाला त्याचे दोन पैसे मिळतात याचे मला समाधान आहे, पण जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि चिरतात. गाडीच्या इंधन-पंपातला पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या, एसयू कार्ब्युरेटरच्या मिश्रणात पेट्रोल थोडे वाढवले, तेव्हा चढावरचा अडखळा गेला. इथेनॉल ओल ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या गाडीला त्याचा त्रास होतो, रोज टाकी वापरणाऱ्या गाडीला जवळजवळ नाही.

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून मी साधी नोंदणीच ठेवली आहे. दर ५ वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर हा व्याप पत्करते, कारण प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली घाम येत उभ्या राहिलेल्या गाडीचे लाकूड रोज वाऱ्यात धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर कुजते असे मी पाहिले आहे. पावसाळ्यातही घरी आल्यावर मी तिला छपराखाली चारही बाजूंनी वारा लागेल अशीच लावते, आच्छादन घालत नाही. साचलेल्या पाण्यात मात्र ती कधी घालत नाही: ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फरशीच्याही खाली आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पंचगंगा इशारा पातळीकडे सरकू लागली की मी एसटीने जाते.

डाव्या खांबाचे काम दिवाळीनंतर, लाकूड पूर्ण सुकल्यावर करायचे ठरले आहे. ॲशचा तयार खांब उद्याच मागवते, म्हणजे तोवर तो येथल्या हवेत मुरेल. मधल्या सहा महिन्यांसाठी कुजलेला भाग कोरून, लाकूड घट्ट करणारे रसायन पाजून, आतून स्टेनलेस स्टीलची पट्टी आवळून घेतली आहे. मागच्या बाजूला जड सामान ठेवायचे नाही आणि दर रविवारी आरीने त्या जागेची खूण पाहायची. टोक आजच्यापेक्षा वरच्या भागातही रुतू लागले, तर दिवाळीची वाट न पाहता गाडी त्याच दिवशी सुतारमामांकडे उभी करायची.