खिडक्या बदलायच्या की दुरुस्त करायच्या? आमच्या प्रतापनगरच्या घराचा अनुभव

आमचं घर प्रतापनगरात. नागपूर सुधार प्रन्यासच्या लेआउटमधला प्लॉट. खालचा मजला सासऱ्यांनी १९८४ साली बांधला आणि वरच्या दोन खोल्या आम्ही २००४ मध्ये चढवल्या. खाली सगळं सागवान: चौकटी, पल्ले, मध्ये लोखंडी गज. वर मात्र तेव्हाच्या फॅशनप्रमाणे अल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या. मागच्या पावसाळ्यात वरच्या बेडरूममधली गादी खिडकीच्या बाजूने भिजली आणि घरात सगळ्यांचा एकच सूर लागला, आता सरसकट यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या खिडक्या, लावून टाकू. गल्लीत दोन घरी लागल्याच होत्या, दिसतातही छान.

दुकानातला मुलगा टेप घेऊन आला. भराभर मापं घेतली, लाकडाच्या चौकटीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "मॅडम, चाळीस वर्षं झाली, आता यात काही राहिलं नाही." दुसऱ्या दिवशी कोटेशन व्हॉट्सॲपवर. खिडकी कुठल्या दिशेला आहे, घरात कूलर आहे की एसी, पाणी नेमकं कुठून येतं, यातलं काही त्याने विचारलं नव्हतं. आकडा बघून हे म्हणाले, एवढ्यात तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग होऊन वर पैसे उरतील. तेव्हा मी ठरवलं की एकेक खिडकी आधी आपण तपासायची, मग कोणाला बोलवायचं ते बघू.

पहिली परीक्षा पाण्याची. पाऊस उघडल्यावर ह्यांनी बाहेरून बागेचा पाइप धरला, मी आत टॉर्च घेऊन. पाणी आधी खिडकीखालच्या दगडावर मारायचं, थोडं थांबायचं, मग दोन्ही कडांना, मग वरच्या कडेला आणि अगदी शेवटी छज्जावर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि आत नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. हॉलच्या खिडकीवर कडांना कितीही पाणी मारलं तरी आत थेंब नाही. छज्जावर धार पडली आणि पाच मिनिटांत आतल्या बाजूला, चौकटीच्या वर, भिंतीवर ओल उमटली. छज्जा भिंतीला जिथे मिळतो तिथला सांधा उघडला होता. त्या जागी जर्मनीहून खिडकी आणून लावली असती तरी भिंत ओलीच राहिली असती. गवंडी आला, सांधा खोदून भरला, वर उतार काढला. खिडकीला हातही लावावा लागला नाही.

वरच्या बेडरूमची गोष्ट वेगळी. तिथे खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचून आत सांडत होतं. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक चिरा ठेवलेल्या असतात. आमच्या चिरांमध्ये धूळ आणि मुंग्यांची माती गच्च बसली होती. तारेने उकरून साफ केल्या. थोडा फरक पडला, पण कोपऱ्यातून गळती चालूच. वाकून बघितलं तर अल्युमिनियमच्या दोन पट्ट्या कोपऱ्यात जिथे स्क्रूने जोडल्या होत्या तिथे नखभर फट, आतलं सीलंट वाळून भुगा झालेलं. रोलर घासले होते, काचेभोवतीचं रबर बोटाने दाबलं की तुटत होतं. रबर आणि रोलर बदलून मिळतात, त्यासाठी कोणी खिडकी काढत नाही. पण चौकटीचा सांधाच सुटला आणि चौकट भिंतीपासून हलायला लागली, की मग दुरुस्तीचे पैसे पाण्यातच. वरच्या पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या या यादीत गेल्या. वीस वर्षांच्या अल्युमिनियमचा निकाल चाळीस वर्षांच्या सागवानाआधी लागला, याचं सासूबाईंना फार समाधान झालं. "तुमचे मामंजी लकडगंजात स्वतः उभं राहून लाकूड निवडायचे," हे त्यांनी त्या आठवड्यात येईल त्याला ऐकवलं.

लाकडाची परीक्षा सुताराकडून करून घेतली. आमचे सुतारभाऊ वयस्कर, घर बांधलं तेव्हा त्यांचे वडील कामाला होते. त्यांनी पेचकस घेतला आणि चौकटीच्या पायथ्याशी, जिथे उभं लाकूड खालच्या आडव्याला मिळतं, तिथे दाबून बघितला. लाकूड नेहमी तिथूनच जातं, कारण पाणी तिथेच थांबतं. चांगल्या लाकडात टोक रुततच नाही, नुसता ओरखडा उठतो. मग पेचकसाच्या मुठीने चौकट वरपासून खालपर्यंत ठोकत गेले. पूर्वेच्या आणि उत्तरेच्या खिडक्यांचा आवाज भरीव. दक्षिणेच्या एका चौकटीला मात्र ढब्ब. रंगाचा पापुद्रा खरवडला तर आत वाळवीची माती. पेचकस सहज मुठीपर्यंत गेला.

"बाकीचं लाकूड अजून वीस वर्षं जाते जी वहिनी, कायले काढता?" हे त्यांचं म्हणणं. पावसात दोन पल्ले घट्ट बसतात, अशी माझी तक्रार होती. ते म्हणाले, लाकूड पाण्याने फुगतं, दसऱ्यानंतर आपोआप मोकळं होतं, त्यावर रंधा मारायचा नाही. स्वयंपाकघरातल्या एका पल्ल्याला पूर्वी कोणीतरी ऐन श्रावणात रंधा मारला होता, त्या फटीतून उन्हाळ्यात धूळ आणि थंडीत वारा, दोन्ही येतं. पल्ला जर डिसेंबरमध्येही अडकत असेल तर मात्र बिजागरी सैल झाली आहे, नाहीतर चौकट तिरकी झाली आहे.

चौकट तिरकी होण्याचं कारण नागपुरात बऱ्याचदा पायाखाली सापडतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. आमच्याकडे हॉलच्या कोपऱ्यात तशी एक होती. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले तर फरक निघाला. ओळखीच्या इंजिनिअरने चिरेवर दोन ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावून त्यावर तारीख लिहिली. भिंत अजून हलत असेल तर पट्टा तडकतो, आणि मग आधी पायाचं बघायचं. नवी खिडकी बसवली तर तीही तशीच अडकणार. आमचा पट्टा पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही काढून शाबूत राहिला.

आता उन्हाचं. खरं तर घरातल्या निम्म्या लोकांना खिडक्या बदलायच्या होत्या त्या उन्हामुळेच. मे महिन्यात ४५ अंश आम्हाला नवीन नाही, २०१३ च्या मे मध्ये तर ४७.९ झालं होतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, दुपारी चारला पश्चिमेच्या काचेला हात लावला की चटका बसतो. दुकानवाल्याने दुहेरी काच सुचवली: दोन काचा, मध्ये हवेची बंद फट. मी थोडं वाचलं. आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे जी उष्णता काचेतून पार होते, ती दुहेरी काचेने साधारण निम्मी होते, हे खरं. पण काचेवर थेट पडणारं ऊन ही निराळी भानगड. साध्या एकेरी काचेतून उन्हाची ८० टक्क्यांहून जास्त उष्णता आत येते, आणि दोन्ही काचा साध्याच असतील तर सत्तरच्या आसपास येतेच. म्हणजे पश्चिमेला नुसती दुहेरी काच घेऊन भागत नाही, ऊन परतवणारा लेप असलेली काच लागते. किंवा मग काचेच्या बाहेर सावली. आतला पडदा कितीही जाड घ्या, ऊन काचेतून आत आल्यानंतर तो अडवतो. बाहेर बांबूची चिक सोडली तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. खालच्या हॉलला आम्ही चिकच लावली. वरच्या दोन खिडक्या नाहीतरी बदलायच्याच होत्या, तिथे लेपाची काच घेतली.

आणि कूलर. या एका मुद्द्यावर मी दुकानवाल्याशी अर्धा तास बोलले असेन. तो घट्ट बंद होणाऱ्या खिडकीचं कौतुक सांगत होता: धूळ नाही, आवाज नाही. एसीच्या खोलीत हे सगळं हवंच. पण आमच्याकडे खाली अजून कूलर चालतो, बाहेर लोखंडी स्टँडवर, तोंड खिडकीत. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. तेवढीच हवा दुसऱ्या बाजूने बाहेर गेली पाहिजे, नाहीतर तासाभरात खोलीत नुसती चिकचिक. त्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी पूर्ण उघडली तरी निम्मीच उघडते, जुना पल्ला सताड उघडतो. शिवाय कूलरचं तोंड स्लायडिंगच्या अर्ध्यात बसवलं की उरलेल्या फटीला प्लायवूड आणि थर्माकोलचं ठिगळ. खालच्या मजल्यावरच्या खिडक्या न काढण्याचं सगळ्यात मोठं कारण मला तरी हेच वाटतं. वाळवीच्या चौकटीच्या जागीसुद्धा आम्ही बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांचीच यूपीव्हीसी खिडकी घेतली, स्लायडिंग नाही.

शेवटी बदलल्या फक्त चार: वरच्या पश्चिमेच्या दोन, दक्षिणेची वाळवीची, आणि बाथरूममधली काचेच्या पट्ट्यांची, जिच्या निम्म्या क्लिपा तुटल्या होत्या. एवढ्या कामाला पहिला दुकानवाला उत्सुक नव्हता, दुसरा गाठला. त्याच्याकडून कोटेशनमध्ये लिहून घेतलं: यूपीव्हीसीच्या पोकळीत लोखंडी सेक्शन घालणार की नाही आणि किती जाडीचा, काच किती मिलिमीटरची आणि टफन्ड आहे का, मच्छरजाळी धरून भाव आहे की वेगळी, जुनी चौकट काढणं आणि नंतरचं प्लास्टर कोणाकडे. त्यात ग्रिल नव्हतंच. जुन्या खिडकीचे गज लाकडातच बसवलेले असतात, चौकट गेली की गजही गेले, हे चौकट उचकटल्यावर ध्यानात आलेली घरं मला माहीत आहेत. आम्ही ग्रिल आधीच वेल्डरकडून करून ठेवलं.

जुन्या चौकटीच्या आतच नवी खिडकी बसवायची सोयही असते, तोडफोड वाचते. पण उघडी जागा चारही बाजूंनी कमी होते, आणि वाळवीचं लाकूड आत तसंच राहतं. म्हणून दक्षिणेची चौकट मुळासकट काढली आणि भिंतीत वाळवीचं औषध टोचून घेतलं. माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी घ्यायला लावली. तिन्ही वेगवेगळी निघाली. सगळ्यात लहान धरायची, त्यातून थोडी जागा चौकट आणि भिंतीमधली फट भरणाऱ्या फोमसाठी सोडायची.

काम दिवाळीनंतर काढलं. पावसाळ्यात भिंत उघडी टाकता येत नाही आणि मार्चपासून कूलरवाले, रंगवाले सगळेच मिळेनासे होतात. फिटिंगच्या दिवशी मी वरच हजर होते. बसवणारा पोरगा हाताचा चांगला, पण बाहेरून सिलिकॉन फिरवताना त्याने खालच्या पट्टीतल्या पाणी जायच्या चिराही छान गुळगुळीत बंद करून टाकल्या. "ताई, आता मुंगीसुद्धा नाही जाणार." मी म्हटलं, बाबा, मुंगी नको पण पाणी कुठून जाईल? त्याने ब्लेडने चिरा मोकळ्या केल्या. मग मी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं आणि ते बाहेर जाईपर्यंत त्याला उभं केलं. नंतर प्रत्येक पल्ल्यात दहाची नोट धरून खिडकी बंद करायची आणि ओढून बघायची. नोट अडकून राहिली तर रबर नीट बसलं, सरळ निघून आली तर बिजागरी आवळायची. एका पल्ल्यात निघून आली, त्याने तिथल्या तिथे आवळून दिली.

जुनं सामान "मलबा" म्हणून फुकट उचलून न्यायला तो माणूस तयार होता. सुतारभाऊ हसले. काढलेल्या चौकटीचं वरचं लाकूड ठणठणीत होतं. त्यातलेच तुकडे कापून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पायथा जोडून दिला, जिथे लाकूड जेमतेम बोटभर कुजलं होतं. कुजका भाग तिरका कापायचा, नवा तुकडा तसाच तिरका तासून बसवायचा, म्हणजे सांध्यात पाणी थांबत नाही. रंग लावल्यावर जोड शोधावा लागतो. उरलेल्या सागवानी पल्ल्यांना खालच्या कडेलाही तेलरंग दिला. ती कड दिसत नाही म्हणून रंगारी नेहमी सोडतात, आणि पाणी शोषून घेते तीच.

या उन्हाळ्यात वरची खोली दुपारी थोडी बरी होती, रात्री मात्र फारसा फरक नाही. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्री आत सोडते, त्याला खिडकी काय करणार? तिथे बाहेरून काय करता येईल ते बघतो आहोत. पूर्वेच्या दोन पल्ल्यांच्या बिजागऱ्या यंदा बदलायच्या आहेत. सुतारभाऊंनी पितळीच आणा म्हणून बजावलं आहे, ह्यांचं म्हणणं स्टीलच्या चालतात, आणि दोघांचं अजून बोलणं व्हायचं आहे.