डोंगराची कूस

७१ मिलिमीटर. आदल्या रात्री लॅपटॉपवर हा आकडा दिसला आणि मी पहिला संशय स्वतःवर घेतला.

सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीची पूर्वेकडची कूस आयोनियन समुद्राकडे सरकते, हे आमच्या कामात गृहीतच असतं. त्या बाजूला तिला टेकू नाही, बुडाशी चिकणमातीचे मऊ थर आहेत आणि आतून मॅग्माचा रेटा. सरकणाऱ्या भागाची उत्तरेकडची शीव म्हणजे पेर्निकाना भ्रंश, जमिनीतली सरकती चीर. त्याच्या दक्षिणेची जमीन वर्षाला २-३ सेंटिमीटर पूर्वेला जाते, उत्तरेची जवळपास जागच्या जागी राहते. या भ्रंशाला आडवी अशी आमची नऊ पिनांची रांग आहे. लाव्हाच्या खडकात भोक पाडून बसवलेल्या स्टीलच्या पिना. प्रत्येकीवर तिपाई लावून जीपीएसच्या अँटेनाने तिची जागा मोजायची. १ ते ४ उत्तरेला, ५ ते ९ दक्षिणेला. मागची मोजणी १६ महिन्यांपूर्वीची होती. सहा नंबरची पिन तेवढ्या काळात फार तर ४० मिलिमीटर सरकायला हवी होती, दिसत होते ७१.

सकाळी सहालाच आम्ही दोघी मारेनेव्हेच्या रस्त्याने वर निघालो. सहकारी गाडी चालवत होती. ती म्हणाली, "अँटेनाची उंची चुकीची टिपली असशील."

"त्याने उभा आकडा बिघडला असता. हा आडवा आहे."

आडवं मोजमाप चुकायचं तर तिपाईच पिनेवरून ढळलेली असायला हवी. म्हणून आधी ट्रायब्रॅक, म्हणजे तिपाईवरची अँटेनाची बैठक, तपासला. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणला आणि प्लमेट, म्हणजे पिनेवर नेम धरायची छोटी दुर्बीण, अर्धा फेर फिरवून पुन्हा डोळा लावला. फुलीची खूण पिनेच्या टिंबापासून ३ मिलिमीटर ढळलेली. खरी चूक त्याच्या निम्मी, म्हणजे दीड मिलिमीटर. दीड मिलिमीटरने तीन सेंटिमीटरचा हिशेब लागत नाही.

मग पिनेवर संशय घेतला. सहा नंबरचा खडक मला कधीच आवडलेला नाही. त्याच्या एका बाजूला खाच आहे आणि पावसाळी पाण्याने खालची राख वाहून गेलेली दिसते. तो एकटाच घसरला असेल तर त्यात नवल नव्हतं. खरं सांगते, तसंच निघावं असं वाटत होतं. म्हणजे वहीत 'पिन निकामी' असं लिहून मोकळं होता आलं असतं.

उरलेला दिवस त्यातच गेला. दोन रिसीव्हर आळीपाळीने हलवत, प्रत्येक पिनेवर उपग्रहांचा पुरेसा माल गोळा होईपर्यंत थांबत आम्ही रांग पुरी केली. वाऱ्याने तिपाई हलू नये म्हणून पायांशी दगड रचले. दुपारी गाडीतच प्राथमिक गणित केलं. १ ते ४ जागेवर होत्या, फरक मिलिमीटरांचा. म्हणजे ज्याच्या तुलनेत मोजतो ती संदर्भ चौकट ठीक होती, उपग्रहांकडूनही फसवणूक नव्हती. ५, ७, ८ आणि ९ मात्र पूर्वेला गेल्या होत्या. ६६, ७३, ७०, ७२.

सहकारी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चल, रस्ता बघू."

भ्रंश जिथे रस्ता कापतो तिथलं डांबर सारखं फाटतं आणि सारखं बुजवतात. नव्या काळ्या ठिगळावर तिरप्या भेगांची ओळ उमटली होती, एकीमागे एक, प्रत्येकीचा रोख ईशान्य-नैर्ऋत्य. दक्षिणेची बाजू पूर्वेला ओढली गेली की भेगा अशाच पडतात. कडेची पांढरी रेघ भेगांपाशी तुटून बाजूला गेली होती. मी गुडघ्यांवर बसून त्या रेघेवर हात ठेवला. एवढी वर्षं आलेखात पाहिलेली हालचाल माझ्या बोटांखाली होती, आणि मला काही बोलवेना.

जवळच्या कायमस्वरूपी जीपीएस केंद्राचा आलेख मागवला. मागच्या तीन आठवड्यांत रेषा हळूच वाकली होती. एकही भूकंप कुणाला जाणवला नव्हता. हेच या कुशीचं वैशिष्ट्य आहे: ती पुष्कळदा आवाज न करता सरकते.

पण तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये हाच भ्रंश सरकला, वरची ईशान्येकडची भेग उघडली आणि पियानो प्रोव्हेन्झाना या डोंगरावरच्या पर्यटनस्थळाची हॉटेलं लाव्हाने गिळली. कूस सरकली की भेगेवरची पकड सैल होते. उलट, भेगेत मॅग्मा शिरला तर तोही कुशीला ढकलतो. आधी काय घडलं हे नऊ पिना सांगू शकत नाहीत. त्यासाठी वरचे टिल्टमीटर, म्हणजे जमिनीचा कल मोजणारी यंत्रं, हवेत, ते मायक्रोरेडियन टिपतात. एक किलोमीटर लांब पट्टीचं एक टोक एका मिलिमीटरने उचलावं, तेवढा कल म्हणजे एक मायक्रोरेडियन. मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. टिल्टमीटर शांत होते, वायूंमध्येही वेगळं काही नव्हतं.

तरी 'काळजीचं कारण नाही' हे शब्द मी अहवालात घालू दिले नाहीत. अशा वेळी मला अमेरिकेतला सेंट हेलेन्स ज्वालामुखी आठवतो. १९८० च्या वसंतात त्याची उत्तरेकडची बाजू दिवसाला दीड-दोन मीटर फुगत होती. १८ मे च्या सकाळी ज्वालामुखीतज्ज्ञ डेव्हिड जॉन्स्टन निरीक्षण ठाण्यावर होता. त्या सकाळच्या मोजणीत फुगण्याच्या वेगात काहीच वावगं दिसलं नव्हतं. ८ वाजून ३२ मिनिटांनी ती बाजू कोसळली आणि तो गेला. त्याने मोजलेले आकडे बरोबरच होते.

म्हणून आम्ही फक्त सरकलेलं अंतर, दिशा, चुकीची मर्यादा आणि टिल्टमीटरची स्थिती कळवली. पुढची मोजणी वर्षाऐवजी पंधरा दिवसांनी करायची ठरली.

निघण्याआधी ठिगळाच्या दोन्ही बाजूंना एकेक पोलादी खिळा ठोकला आणि व्हर्नियर कॅलिपरने अंतर घेतलं: २१४.६ मिलिमीटर. उजेड जाताना पुन्हा घेतलं: २१४.७. डांबर तोवर गार झालं होतं, तेवढा फरक त्यानेही पडतो. मी दोन्ही आकडे लिहिले, शेजारी डांबराचं तापमान लिहिलं आणि तिसऱ्या रकान्यात उद्याची तारीख घालून ठेवली.