पदरचा खरज

“अरे, तानपुऱ्याला सर्दी झालीय,” म्हणत काकूंनी हेडफोन काउंटरवर ठेवला. चारच दिवसांपूर्वी माझ्याकडूनच नेलेला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी अॅम्प्लिफायर आणि मिक्सर यायचे, हल्ली जास्त करून हेडफोनच. काकू आईची मैत्रीण, चिटणीस की गोठमध्ये राहतात, चाळीस वर्षं गाणं शिकवतात. आता काही शिष्य पुण्याला, काही परदेशात, म्हणून शिकवणी फोनवरून आणि तानपुराही फोनमधलाच.

हेडफोन तपासला. मशीन ठणठणीत होतं. मग त्यांचा जुना मागवून घेतला आणि उलगडा झाला. नऊ वर्षांत त्याच्या गाद्यांचा भुगा झाला होता. काळे कपटे काकूंच्या कानाला चिकटायचे. गादी कानाला घट्ट बसली नाही की आधी खालचे सूर निसटतात. काकू पेटीच्या काळी चारला सा धरून गातात, म्हणजे खरजाची, तानपुऱ्याच्या सगळ्यात खालच्या सा ची, तार 104 हर्ट्झच्या आसपास. नेमकी तीच त्या फटीतून गळत होती.

मग इतके दिवस त्यांना खरज ऐकू कसा यायचा? ही मेंदूची जुनी खोड आहे. 208, 312, 416 असे त्याच तारेतून निघणारे वरचे सूर, म्हणजे स्वरांश, कानावर पडले की खालचा 104 तो स्वतःच मांडून घेतो. खरज पदरचा घालायचा. नव्या हेडफोनमध्ये खरा खरज आला, आणि सवय नसल्यामुळे काकूंना तो सर्दी झाल्यासारखा घोगरा वाटला.

“पंधरा दिवस वापरा, मग बोलू.” काकू फणकाऱ्याने गेल्या.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो यानंतरचा. जूनची दुपार, वीज येऊन-जाऊन. काकू हसतच आल्या. “खुलला रे तुझा हेडफोन! नवीन वाद्यासारखं असतं हे, वाजवावं लागतं.”

बाजारात हे सगळेच म्हणतात. शंभर तास वाजवा, मग खुलतो. मला राहवलं नाही. तेच मॉडेल न फोडलेल्या खोक्यातून काढलं, दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा केला (किंचित मोठा वाजणारा नेहमी बरा वाटतो, दुकानदारांना हे चांगलं ठाऊक असतं) आणि काकूंना डोळे मिटायला सांगितले. कधी हा घातला, कधी तो. दहापैकी चारदा बरोबर. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं.

“मग खुललं काय?”

त्यांना नेदरलँड्समधल्या नायमेखेनचा प्रयोग सांगितला, 1998 साली छापून आलेला. चार जणांच्या कानाच्या पाळीतल्या घड्या साच्याने बदलून टाकल्या. आवाज वरून येतोय की खालून, हेच त्यांना कळेना. साचे रात्रंदिवस कानात. सहा आठवड्यांच्या आत त्यांना पुन्हा कळू लागलं. गंमत पुढे आहे. साचे काढले तेव्हा जुने कान जसेच्या तसे चालू! नवं शिकताना जुनं पुसलं गेलं नव्हतं.

“त्यात काय,” काकू म्हणाल्या. “आपण नाही का घरात मराठी आणि बाड्यावर बाजारात हिंदी?”

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. मी हेडफोन पिशवीत घालत होतो, तेवढ्यात त्या सहज बोलून गेल्या, “पण डावी बाजू अजून खुलायचीय हं. जोड बरोब्बर मधोमध वाटते, जवारी मात्र उजवीकडे झुकते.” जोड म्हणजे तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा, जवारी म्हणजे तारांची ती झणझण.

मी पिशवीतून हेडफोन परत काढला आणि उलटा घालायला दिला, डावा उजवीकडे. हेडफोनचा दोष असेल तर झुकाव बाजू बदलतो. “आता?”

“उजवीकडेच.”

खोक्यातला नवा दिला. उजवीकडेच. मीटरवर दोन्ही बाजू सारख्या. माझ्या पोटात गोळा आला. खरजाला काही होत नव्हतं, जवारीची वरची चमक तेवढी एका बाजूला कमी पडत होती. आणि आमच्या ग्वाल्हेरात कान म्हणजे घराण्याची इस्टेट. गाणाऱ्या बाईला तिच्या कानाबद्दल काय सांगायचं?

आधी विचारलं, हे एकाएकी झालंय का? एका कानाचं ऐकणं एकाएकी कमी झालं तर उद्यावर ढकलायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. “छे, एकाएकी काही नाही,” म्हणाल्या, आणि थोडं थांबून, “शिष्यांना मी नेहमी उजव्या हाताला बसवते. का, ते कधी मनात आलं नाही.”

मी निदान वगैरे केलं नाही, ते माझं कामच नव्हे. एवढंच म्हणालो, “हेडफोन ठीक आहे काकू, कान एकदा दाखवून घ्या.” काकू बराच वेळ जुन्या हेडफोनची वायर गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे इथेही मी पदरचंच घालत होते.”

तपासणीत डाव्या कानाला 3000 हर्ट्झच्या वरचं बरंच कमी ऐकू येतं असं निघालं. जुनं, हळूहळू झालेलं. मळ नव्हता, मी त्याच आशेवर होतो.

महिन्याभराने फोन आला. डाव्या कानात यंत्र बसवलं होतं. मागे कुठेतरी नळ वाहत होता आणि काकू ओरडून बोलत होत्या.

“अरे, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा फाटल्यासारखं वाटतंय! आणि जवारी म्हणजे नुसत्या टाचण्या.”

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “पंधरा दिवस, माहितीय मला. यंत्रवाली मुलगी तर दोन-तीन महिने म्हणतेय. पाणी वाया चाललंय, ठेवते.”